दाईची भूमिका

'मॅकबेथ'ला 'राजमुकुट' हे मराठी रूप देणारे कुसुमाग्रज आमच्या नाशिकचे, त्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनात 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधील काही प्रवेश मराठीतून बसवायचे ठरले तेव्हा कोणाला फारसे नवल वाटले नाही. शाळा मुलांची असल्याने स्त्रीभूमिकाही आम्हालाच कराव्या लागत (शेक्सपिअरच्या काळीही त्या मुलगेच करीत, असे सांगून सरांनी आमची लाज घालवली होती), आणि दणदणीत आवाजामुळे ज्युलिएटच्या दाईचे काम माझ्या वाट्याला आले.

या दाईची स्वतःची सुझन देवाघरी गेलेली. तिच्याच वयाच्या ज्युलिएटला तिने अंगावर पाजून वाढवलेले. चौदावेही न लागलेली ही मुलगी आईपाशी जे बोलू शकत नाही ते दाईपाशी बोलते. सकाळी नऊला रोमिओकडे निरोप घेऊन गेलेली दाई बारा वाजता परतते आणि लग्नाचा बेत सांगण्याआधी हाडे दुखल्याच्या तक्रारी करीत पोरीचा जीव टांगणीला लावते, या प्रवेशाला प्रेक्षकांनी अक्षरशः सभागृह डोक्यावर घेतले. पुढे दोराची शिडी आणण्याचे कामही तीच करते.

मला मात्र तिसऱ्या अंकाचा शेवट अधिक अवघड गेला. ज्युलिएटशी गुपचूप लग्न केलेला रोमिओ हद्दपार झाला आहे, ज्युलिएटने पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न केलेच पाहिजे म्हणून बाप खवळला आहे, आणि साऱ्या घरात त्याला 'चूक तुमची आहे' असे तोंडावर सांगणारी एकटी दाईच आहे. तीच दाई, मालक निघून जाताच, पॅरिसशी लग्न करून मोकळी हो, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोतेरे, असा सल्ला ज्युलिएटला देते. ही बेइमानी म्हणावी का, यावर तालमीत आमचा बराच वाद झाला. माझे मत आजही असे आहे की तिची निष्ठा मुलीच्या प्रेमावर कधीच नव्हती, ती मुलीच्या सुखरूप असण्यावर होती. शिवाय हे गुपित फुटले असते तर त्या घरातून सर्वांत आधी तीच बाहेर पडली असती. पगारी माणसाच्या धैर्याला मर्यादा असते, हे श्रोत्यांमधल्या किती जणांना जाणवले असेल कोण जाणे.

'तू माझे चांगलेच सांत्वन केलेस,' असे ज्युलिएट वरकरणी म्हणते, आणि त्या क्षणापासून दाईला काहीही सांगत नाही. हे दुसरे लग्न टाळण्यासाठी मेल्यासारखे भासवणारे औषध घेण्याच्या रात्री ती तिला खोलीबाहेर पाठवते, भीतीने पुन्हा हाक मारते, आणि हिचे इथे काय काम, असे म्हणून स्वतःच थांबते. ती एक हाक दाईने ऐकली असती तर, असे मला तालमीत दर वेळी वाटे.

शेवटच्या प्रवेशात दाई रंगमंचावर नाही. लग्नाची गोष्ट तिला ठाऊक होती, एवढेच ते लग्न लावणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स सांगतो. मग तिचे पुढे काय झाले, असे मी विचारले, तेव्हा सरांनी व्हेरोना शहराच्या अधिपतीचे (प्रिन्सचे) अखेरचे भाषण काढून वाचायला लावले: काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा.