कुत्र्याच्या रेडले ५१ रुपये

गावात रविवार हा फक्त नोकरीवाल्यांचा असतो. बाकी कोणाला त्याचं काही घेणंदेणं नाही. म्हशीला नाही, कापूस वेचाले जाणाऱ्या बायांना तर नाहीच, उलट शाळेला सुट्टी म्हणून घरातलं मोठं पोट्टंबी त्या दिवशी वावरात येते, तेवढाच चार किलो कापूस जास्त वेचून होते. सरकारी ऑफिसला २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा मी भल्ला खूश झालो होतो, की आता शनिवार-रविवार दोन्ही दिवस आठ वाजेपर्यंत झोपतो म्हणून, तर महिन्याच्या आत लॉकडाऊन लागलं आणि सगळ्या देशालाच सुट्टी झाली, आपलं कौतुक संपलं. आणि घरी आई. ती एकदाच बोलली, "सुट्टी तुह्या साहेबानं देल्ली ना, म्हशीनं नाई देल्ली." झालं. तेव्हापासून शनिवारीबी पाचलाच उठून राह्यलो.

तसं पाहिलं तर गावाची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कुठंबी जा, ज्या गावचा जो बाजाराचा वार त्या दिवशी मजूर भेटत नाही, आदल्या दिवशी हप्त्याचे पैसे हातात आलेले असतात, आणि दुपारी वावरात कुत्रं फिरत नाही, सगळे कांदे, वांगे, फुटाणे आणि भजे यांच्या मागं. आणि बैलांची सुट्टी पोळ्याला. तिला तर काय तोड नाही. आदल्या सांजेला खांदे हळद-तुपानं शेकायचे, त्यांच्या कानाजवळ जाऊन "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. मला तरी अजून कोणत्या साहेबानं सुट्टीच्या आदल्या दिवशी असं काही म्हटलेलं आठवत नाही.

आता आमच्या टायगरबद्दल. नाव टायगर आहे पण रंग तांबडा, एक कान उभा, एक पडलेला, आणि बिबट्याचा नुसता वास आला तरी गोठ्यात म्हशीच्या पोटाखाली घुसते. त्याला हसू नका, बिबट्याला कुत्रं लय आवडते आणि जंगलाकडच्या गावांत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून रात्री त्याला आतच घेतो. आमचा म्हणायचं म्हणजे रेबीजच्या इंजेक्शनचे पैसे आम्ही देतो म्हणून आमचा. बाकी सकाळची शिळी पोळी शेजारच्या काकूकडं, दुपारी शाळेतल्या खिचडीची खरवड, सांजेला हॉटेलवाल्याकडचा मोडका आलूबोंडा, आणि झोपायला आमच्या ओसरीत. पाच घरचं खाते पण कोणाचे उपकार ठेवत नाही, ज्याच्या घरी पाहुणा आला त्याच्यावर सारखंच भुंकते. इंजेक्शनचं मात्र मी दरवर्षी पाहतो. कुत्रं चावल्यावर माणसाला टोचायचं आणि चावायच्या आधी कुत्र्याला टोचायचं, यातलं स्वस्त कोणतं आणि शहाणपणाचं कोणतं हे कोणाला समजवून सांगायचं कामच नाही, तरीबी गावात लोकं पहिलं होईपर्यंत दुसऱ्याचा विचार करत नाहीत. पाश्चरनं १८८५ मध्ये त्या चावलेल्या पोराला लस दिली, आणि आमच्याकडं अजूनबी काही जण आधी झाडपाल्यावाल्याकडं जातात अन मग दवाखान्यात. असो, हा वेगळाच विषय निघाला.

तर रविवारी आम्ही काही जण शाळेच्या पारावर बसतो. एक मास्तर, एक लाईनमन, एक कृषी केंद्रवाला, मी, आणि सणासुदीला आला तर पुण्यात आयटीत असलेला एक जण. तो मागच्या दिवाळीत आपला लॅब्रॅडोर घेऊन आला. गाडीतून उतरला तेव्हा त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पाठीवर जाकीट आणि खायची वेगळी बॅग. गावातले सगळे कुत्रे वेशीपर्यंत भांडत आले आणि टायगर सगळ्यात पुढं, पण लॅब्रॅडोरनं भांडायच्या ऐवजी शेपूट हलवली तर याला समजेचना की आता काय करायचं. तिसऱ्या दिवशी दोघं मिळून उकिरडा उकरत होते, जाकीट गेलं कुठं ते अजून सापडलं नाही.

त्या पुण्यावाल्यानंच पारावर सांगितलं की तो पैसे भरून धावते. म्हणजे शहरात मॅरेथॉन असतात, त्याची फी भरायची, वरून आपण धावून राह्यलो म्हणून ओळखीच्यांकडून एखाद्या संस्थेसाठी पैसे गोळा करायचे. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून आहे, तिथं तर दरवर्षी असे लय जण धावतात म्हणे. लाईनमन बराच वेळ ऐकून घेऊन बोलला, "धावाचे पैसे देतेत? आमच्या मागं तर कुत्रं लागलं की फुकटात धावाले भेटते."

सगळे हसले पण मास्तरला ते काही पटलं नाही. तो म्हणे, द्यायचेच आहेत तर सरळ द्या ना शंभर रुपये, त्यात मधी घाम कशाला. प्रश्न खरा आहे. पुण्यावाल्यानं मग कॅनडाच्या त्या पोराचं सांगितलं, टेरी फॉक्स. अठरा वर्षांचा असताना हाडाच्या कॅन्सरमुळं उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला, आणि १९८० मध्ये तो नकली पाय लावून अख्खा देश धावायला निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, मग कॅन्सर फुप्फुसात गेला म्हणून थांबावं लागलं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. त्याचं मागणं काय होतं, तर देशातल्या प्रत्येक माणसामागं एक डॉलर. कॅनडात तेव्हा दोन कोटी चाळीस लाख लोकं, आणि तो जिवंत असतानाच तेवढे डॉलर जमले होते.

कृषी केंद्रवाला म्हणे, "म्हणजे घरटी वर्गणीच की."

हो, वर्गणीच. पण वर्गणीचा आम्हाला अनुभव आहे, म्हणून इथं थोडं थांबतो. भागवत सप्ताहाला, गणपतीला, दुर्गादेवीला वर्गणी द्यायला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही, आणि नंतर माईकवर यादी वाचतात, अमुक भाऊ ५०१, तमुक काकाजी १०१, लोकं कान देऊन ऐकतात की शेजाऱ्यानं किती दिले. देवाला त्याचं काही वाटत नाही. पण माणसासाठी वर्गणी करायची वेळ आली की पंचाईत होते. आमच्या बाजूच्या वावरातला सालगडी, त्याला सगळे दादाच म्हणतात, बंडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, रॉड टाकला, त्याचा पैसा लागला नाही. पण योजनेत घरचं तेल-मीठ बसत नाही. वर्ध्याला जायची-यायची गाडी, सोबतच्या माणसाचं खाणं, चार-पाच महिने काम नाही, बायकोचीबी वेचणी बुडाली कारण घरी याला कोण पाहीन. आम्ही त्याच्याकडं गेलो आणि गोलगोल बोलून वर्गणीचा विषय काढला तर तो खाटेवरून उठून बसायला लागला. "यादी वाचान तुम्ही माईकवर. माह्या पायाची यादी नाई वाचाची गावात."

आम्ही म्हटलं नाही वाचत. तो म्हणे, "मंग चुपचाप द्यान. थे तर अजून वाईट."

याच्यावर काय बोलणार. चहा पिऊन आलो.

मार्ग निघाला तो काही आमच्या हुशारीनं नाही. जानेवारीत पोट्टे तशीबी कबड्डी घेणारच होते, सोयाबीन निघालेल्या वावरात, रात्रीची, लाईट लावून. आमच्याकडं कबड्डीचं येड जुनं आहे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन तिथं देशी खेळ दाखवून आली ती गोष्ट आमच्या आजोबाच्या वयाची लोकं अशी सांगायची जशी काही ते स्वतःच जहाजात बसले होते. आणि दादा जवानीत चांगला रेडर, म्हणजे चढाई करणारा, होता, दोन तालुक्यांत नाव होतं. मास्तर त्याच्याकडं गेला आणि एवढंच बोलला की आम्हाला पंच पाह्यजे, बाहेरून आणला तर मानधन द्यावं लागते, आणि तो आपल्याच गावच्या टीमच्या विरोधात शिट्टी मारते. दादा म्हणे पाय असा आहे. मास्तर म्हणे शिट्टी तोंडानं वाजते.

आता त्या रात्रीचं सांगतो. स्पर्धा ५५ किलो वजनगटाची होती. ज्यांनी गावची कबड्डी पाहिली नसेल त्यांना सांगतो की खरी स्पर्धा मैदानावर नाही, काट्यावर असते. कृषी केंद्रवाल्याचा कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, त्याच्यावर एकेक पोट्टा चढते, आकडा ५५ च्या वर गेला की बाहेर. मग काय, कोणी सकाळपासून जेवला नाही, कोणी दुपारभर स्वेटर घालून वावराला चकरा मारून राह्यला, एकानं तर काट्याच्या बाजूला जाऊन डोक्यावरचे केस कापून घेतले, वजन पन्नास ग्रॅमनं जास्त येत होतं म्हणून. बाजूच्या गावचा कॅप्टन वजन देऊन उतरला आणि तिथंच त्याच्या आईनं आणलेल्या डब्यातले तीन रोडगे वांग्याच्या भाजीसोबत उभ्याउभ्या खाल्ले, आणि मग तासभर त्याला रेड मारता येईना.

प्रत्येक टीमची एन्ट्री फी होती, पण पैसा खरा जमते तो माईकवर. चांगली पकड झाली की प्रेक्षकांतून चिठ्ठी येते, "या पकडीसाठी अमुककडून १०१ रुपये रोख". हे पैसे नेहमी खेळाडूला जातात, या वेळी आधीच सांगून ठेवलं होतं की बक्षीस पंचाच्या टेबलावरच्या डब्यात. डबा कशासाठी हे कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्याकडं शंभर रुपये नव्हते त्यांनी दुसरं दिलं. एकानं ट्रॅक्टर आणि टँकर आणून माती भिजवली, नांगराच्या सऱ्या सपाट केल्या, डिझेल त्याचंच. लाईनमननं लाईट लावले, तारेवर चोरीचा आकडा न टाकता, रीतसर जनरेटर आणून, हे लिहिणं जरुरी आहे नाहीतर त्याची नोकरी जायची. बायांनी शंभरेक लोकांची भाजी केली. दहावीतल्या पोरी चुन्याची फक्की घेऊन आल्या आणि लाईन एवढी सरळ मारली की दादानं खुर्चीवरून मान हलवली.

हां, दादा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दुखरा पाय समोरच्या स्टुलावर, अंगात मास्तरचं ब्लेझर, तोंडात शिट्टी. तीस सेकंदांची रेड तो घड्याळाकडं न पाहता मोजत होता. पहिल्याच मॅचमध्ये त्यानं आमच्या टीमचा बोनसचा पॉइंट नाकारला, समोर पाचच जण होते आणि बोनसला मैदानात सहा तरी पाह्यजेत, आणि आमचेच पोट्टे भांडायला आले तर त्यांना असा ओरडला की माईकवाला घाबरून चूप. त्या माणसाला कोणी मदत करून राह्यलं आहे असं वाटायला जागाच नव्हती. उलट सगळे त्याच्या तावडीत होते.

सेमीफायनलला टायगर आला. इतका वेळ तो भाजीच्या गंजाजवळ होता. आमचा रेडर समोरच्या हाफमध्ये "कबड्डी कबड्डी" करत घुसला, सातही जण कोपऱ्यांत दबा धरून, आणि टायगर मधातून गेला, सगळ्यांच्या पायांतून, एकाला चाटलं, दुसऱ्यावर भुंकला, आणि सुखरूप आपल्या हाफमध्ये परत. पोट्टे खेळ सोडून हसत बसले. दादानं शिट्टी मारली, गंभीर चेहऱ्यानं हात वर केला आणि टच झालेल्या एका पोट्ट्याकडं बोट दाखवलं, आउट म्हणून. तेवढ्यात मागून चिठ्ठी आली आणि माईकवाल्यानं वाचली, "कुत्र्याच्या रेडले शेजारच्या काकूकडून ५१ रुपये रोख." त्याच्यावर दुसऱ्यानं १०१ केले. मग चढाओढच लागली, कारण माणसाच्या पकडीवर बक्षीस लावलं तर समोरची टीम नाराज होते, कुत्र्यावर लावलं तर कोणीच नाही. त्या रात्री कोणत्याबी खेळाडूपेक्षा जास्त पैसे टायगरच्या नावावर जमले आणि त्याला मिळाला काय, तर एक रोडगा. तो खाऊन तो निघून गेला, ज्यानं दिला त्याच्याकडं पाहिलंबी नाही.

मास्तरच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री भेटलं असं म्हणत नाही, पण एवढं दिसलं की शंभर रुपये हातात ठेवले असते तर देणारा उभा असता आणि घेणारा खाटेवर. इथं कोण उभं अन कोण बसलं याचा पत्ताच लागत नव्हता. आणि हिशोबबी तसाच झाला. डब्यातले पैसे मोजून पाकिटात टाकले आणि वर लिहिलं, पंचाचं मानधन. एका रात्रीच्या पंचाला एवढं मानधन अख्ख्या विदर्भात कोणी देत नसेल. दादानं पाकीट उघडलं, मोजलं, मास्तरकडं पाहिलं, आणि म्हणे पावती देतो. दिलीबी, वहीच्या पानावर, रेव्हेन्यू स्टँप लावून, सही करून. ती मास्तरच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता पुढच्या रविवारी नदीपलीकडच्या गावात व्हॉलीबॉल आहे, त्यांच्या शाळेच्या खो-खोच्या पोरींना बुटं घ्यायची आहेत. एन्ट्री फी आम्ही भरून टाकली आणि आता सहावा माणूस भेटून नाही राह्यला. कृषी केंद्रवाल्याचा गुडघा दुखते, लाईनमनची त्या दिवशी ड्युटी आहे, आणि दादा काठी टेकत फिरायला लागला असला तरी त्याचं म्हणणं आहे की तो फक्त पंच म्हणूनच येईल, आणि मानधन आधी ठरवा.