आमची वाटचाल : ऊस गाळणारी चाळणी

मजकुरातून कळीचे शब्द काढून देणं हा सांगलीतला आमचा लहानसा धंदा. अडत दुकानांची टिपणं, ग्रामपंचायतीकडचे अर्ज, साप्ताहिकांचे जुने अंक. ढीग कशाचाही असो, त्यात काय आहे ते दहा-पंधरा शब्दांत सांगायचं. सुरुवात पायथन या संगणकभाषेतल्या वीसेक ओळींनी झाली: मजकूर तोडा, ‘आणि, आहे, हा, तर, पण’ असले भरतीचे शब्द, म्हणजे स्टॉप वर्ड, वगळा, उरलेले मोजा. हान्स पीटर लून यांनी १९५८ साली शब्दांच्या वारंवारितेवरून यंत्राकडून लेखाचा गोषवारा काढून घेतला, त्याच घराण्यातली ही रीत. इंग्रजीत तिच्यावर बरंच भागतं. मराठीत चूक होते ती भरतीच्या शब्दांच्या यादीपर्यंत पोहोचण्याआधीच.

पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समधला, म्हणजे मजकुरात शब्द शोधायच्या नमुन्यातला, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ (कुठलंही अक्षर किंवा अंक) काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘बेदाणा’चे ब, द, ण असे तुकडे पडतात. सायकिट-लर्न या पायथनच्या तयार संचातल्या टीएफ-आयडीएफमध्ये, म्हणजे शब्दांना वजन देणाऱ्या साधनात, मुळात हाच नमुना आहे, शिवाय किमान दोन अक्षरांची अट. तिथं बेदाणा अख्खाच गायब. ‘हळद’ला काना-मात्रा नाही, म्हणून ती सुखरूप सुटते. चाचणीला नेमका हाच शब्द घेतला की सगळं ठीक दिसतं! नमुना हातानं लिहावा लागतो: अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची ०९०० ते ०९७एफ ही देवनागरी पट्टी, त्यातून ०९६४ आणि ०९६५ हे दंड वजा, आणि २००सी, २००डी ही अक्षरं तोडणारी-जोडणारी दोन अदृश्य चिन्हं जमा.

त्यातलं २००डी फार छळतं. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र काही जण वेगळ्या ऱ-नं टाइप करतात, काही जण साधा र, हलंत आणि हे चिन्ह वापरून. पडद्यावर फरक दिसत नाही, मोजणीत मात्र दोन शब्द होतात. एनएफसी या युनिकोडच्या एकसारखं करणाऱ्या रूपांतरानं हे जुळत नाही. ते केल्यावर अदलाबदलीची एक ओळ वेगळी लिहायची. यादीची फाइल नोटपॅडमधून आली आणि पहिलाच शब्द गाळला जात नसेल, तर सुरुवातीला लपलेलं बीओएम चिन्ह पाहा. ‘यूटीएफ-८-सिग’ या एन्कोडिंगनं उघडली की ते जातं. यादी ‘सेट’मध्ये, म्हणजे शब्द चटकन सापडणाऱ्या रचनेत, ठेवावी, हे सांगायला नकोच.

लांबीची चाळणी आम्ही काढूनच टाकली. ‘तीनपेक्षा कमी अक्षरं वगळा’ म्हटलं की ‘ऊस’ जातो, ‘दर’ जातो, ‘जत’ तालुकाही जातो. उलट ‘स्त्री’ युनिकोडच्या हिशोबात सहा भरते. सांगली जिल्ह्यात ऊस गाळायचा तो कारखान्यात.

तयार यादीही जशीच्या तशी घेत नाही. ‘दर सोमवारी’मधला दर भरतीचा, हळदीचा दर मात्र सौद्याचा जीव, पुढे वार किंवा ‘महिन्याला’ असेल तरच तो वगळतो. ‘कर’ क्रियापद की घरपट्टीतला? ‘नाही’ एरवी जावा, पण ‘पाणी आले नाही’ या अर्जात तोच मुद्दा. ‘वाळवा’ तालुका आणि ‘उन्हात वाळवा’ एकाच मजकुरात येतात, म्हणून विरामचिन्हं पुसण्याआधी ‘ता. वाळवा’ जोडून घेतो. हा क्रम उलटला की ‘ता’ आणि ‘जि’ कळीच्या शब्दांच्या डोक्यावर येऊन बसतात.

प्रत्ययांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. हळदीचा, हळदीला, हळदीसाठी हे मोजणीला तीन शब्द. प्रत्यय लांबीनुसार उतरत्या क्रमानं काढायचे: आधी ‘पर्यंत’, ‘साठी’, ‘च्या’, शेवटी ‘त’. तरी उरतं ते ‘हळदी’, ‘बेदाण्या’. या सामान्यरूपापुढे मूळ शब्दाचा तक्ता हवाच. तक्त्यात मूळ सापडलं नाही तर शब्दाला हात लावायचा नाही, नाहीतर ‘भात’चा ‘भा’, ‘सोने’चा ‘सो’ आणि जतचा नुसता ‘ज’ होतो. भरतीचे शब्द प्रत्ययांच्या आधीही गाळायचे आणि नंतरही.

दोन-तीन शब्दांचे जोडशब्द हवे असतील तर स्टॉप वर्ड पुसू नयेत, तिथं वाक्य तोडावं. कळीचे शब्दसमूह काढणारी २०१० मधली रेक पद्धत हेच करते. पुसले की ‘हळद आणि बेदाणा’मधून ‘हळद बेदाणा’ नावाचा नवाच माल तयार होतो.

हळदीच्या पेढीत ‘हळद’ हाच भरतीचा शब्द, हे मात्र यादी सांगत नाही. जितक्या जास्त नोंदींत शब्द येतो तितकं त्याचं वजन कमी, ही कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना तिथं उपयोगी पडते: आजच्या रूढ सूत्रात १,००० पैकी १,००० नोंदींत येणाऱ्या शब्दाचं वजन लॉग १, म्हणजे शून्य. सायकिट-लर्न त्यात १ मिळवतं, म्हणून तिथं शून्याची वाट पाहू नये. निम्म्याहून जास्त नोंदींत आलेले शब्द आम्ही वेगळे काढून गिऱ्हाइकासमोर ठेवतो. राजापुरी, हळकुंड, कणी यातलं काय ठेवायचं ते अडत्यालाच कळतं.

‘पेव’ अजून हातानंच तपासतो. हरिपूरच्या कागदांत ते हळद साठवायचं असतं, साप्ताहिकांत बहुतेक वेळा कशाचं तरी फुटलेलं.