सरांनी तक्त्यावर मारलेली काट

स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून आमच्या 94 च्या बॅचचा ग्रुप महिनाभर मागे लागलाय. बाकीचे सगळे गॅदरिंग नाहीतर सहलीवर लिहिणार हे माहितीये, म्हणून मी प्रयोगशाळेवर लिहितो. प्रयोगशाळा म्हणजे ऑफिसला लागून एक खोली, एकच मायक्रोस्कोप आणि कपाटावर फॉर्मलिनच्या बरणीत वेटोळं घालून बसलेलं फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप. कांद्याचा पापुद्रा बघायला अख्खा वर्ग रांगेत, प्रत्येकाला जेमतेम दहा सेकंद, मला तर पहिल्या वेळी माझ्याच पापण्यांचे केस दिसले. तरी वहीत पेशी काढल्या, शेजारच्याचं बघून.

शास्त्राच्या सरांचा आवडता प्रयोग म्हणजे रुमाल. एखाद्याच्या दंडाला रुमाल आवळायचा, मूठ मिटायला लावायची, शिरा टरारून फुगल्या की त्यात मधे मधे बारीक गाठी दिसतात, त्या झडपा. हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1628 साली छापलेल्या पुस्तकात असाच हात बांधून दाखवलाय, रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येतं म्हणून. सर विचारायचे, परतीची वाट अडवली तर काय होईल रे? तोवर त्या पोराचा हात जांभळा पडायला लागलेला असायचा, उत्तर द्यायची गरजच नाही.

आणि शनिवारी प्रथमोपचार. त्रिकोणी पट्टी, गळ्यातली झोळी, मोडलेल्या हाताला पट्ट्या. भिंतीवर सरांनी स्वतः रंगवलेला तक्ता होता, सर्पदंश झाल्यास धीर द्या, वरच्या बाजूला घट्ट बांधा, ब्लेडने चिरा द्या, दवाखान्यात न्या. आम्हाला घडाघडा पाठ. शुक्रवारचा रुमाल आणि शनिवारचं बांधणं ही एकच गोष्ट आहे हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही, सरांच्याही नाही.

नववीत दिवाळीनंतर काका कातळावर गवत कापत होता, पेंढी उचलली आणि घोट्याजवळ चावलं. आजी ओरडली, पान लागलं रे! पान लागलं म्हणजे साप चावला. शेजारचे म्हणतात भगताकडे न्या, मी मात्र धावत घरात जाऊन स्काउटचा स्कार्फ आणला आणि गुडघ्याखाली काठी घालून पिळून आवळला, अगदी तक्त्यात होतं तसा. ब्लेड सापडलं नाही, नशीब. काकाला खुर्चीत बसवून डांबरी रस्त्यापर्यंत उचलून नेला, मग टेम्पो, तासाभराने दवाखाना.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, हे कोणी बांधलं? मी छाती काढून म्हटलं, मी. ते काही बोलले नाहीत. आधी हाताला सलाईन लावलं, मग स्कार्फ हळूहळू सैल केला, एकदम सोडला नाही. मग एका कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये, आपल्या लॅबमध्ये होती तशीच, काकाचं थोडंसं रक्त घेऊन टेबलावर उभी ठेवली आणि मला म्हणाले, वीस मिनिटं हात लावायचा नाही. मी घड्याळाकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. नेहमीचं रक्त एवढ्या वेळात गोठून घट्ट होतं, फुरशाचं विष ती गोठायची ताकदच मोडतं. डॉक्टर म्हणाले, आता कळलं का, चिरा दिला असता तर काय झालं असतं? आणि आवळून ठेवलं की विष थांबत नाही, पायाचं रक्त मात्र तुटतं, मांस सडतं. पाय हलवायचा नाही, फळी लावायची आणि जमेल तेवढ्या लवकर इथे आणायचं, बस. मग कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळवली, न हलवता नुसती गोल गोल फिरवत, फेस होऊ नये म्हणून. ते औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं हे मला तिथे कळलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर तेच एक.

काका आठवड्याने घरी आला, पाय सुजलेला पण शाबूत.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. सर गप्पच बसले. मला वाटलं रागावले. पुढच्या शनिवारी अर्धी रजा टाकून एसटीने त्या डॉक्टरांना भेटून आले आणि त्याच्या पुढच्या शनिवारी वर्गात लाल खडू घेऊन खुर्चीवर चढले आणि तक्त्यावरच्या दोन ओळींवर आडवी काट मारली. वर्गाकडे तोंड करून म्हणाले, हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं. एवढंच. मग दंडाला रुमाल बांधून परत तोच प्रयोग, या वेळी स्वतःच्या हातावर.

मागच्या वर्षी शाळेत गेलो तेव्हा त्या खोलीत कॉम्प्युटर होते, बरणी नव्हती, तक्ताही नव्हता. कोणी रद्दीतून उचलून ठेवला असेल तर कळवा, फोटो पण चालेल.