लॅमिनेट, नोंद 4: फुगवटा बसला, अपराधी डोअर स्टॉपर

मागच्या नोंदीत लॅमिनेटच्या जमिनीतल्या नवव्या ओळीच्या फळ्यांचा फुगवटा ओलीच्या नावावर टाकला होता. ते निदान चुकलं.

कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने बंद करून 24 तास ठेवला, खाली दवाचा थेंब नाही. शिवाय पाणी शिरलं असतं तर एचडीएफचा (दाबून बनवलेल्या लाकडी तंतूंचा) गाभा सांध्यालगत सुजून कडा उभ्या राहिल्या असत्या, आणि त्या पुन्हा बसत नाहीत. इथे पायाने दाबलं की अख्खा पट्टा खाली, सोडलं की वर. म्हणजे फळ्या सुजलेल्या नाहीत, अडलेल्या आहेत.

स्कर्टिंग उतरवून भिंतींशी फट मोजली: सगळीकडे 9 ते 10 मिमी. चौकटीखालीही मोकळं. मग सापडला स्टॉपरचा स्क्रू, फळीतून थेट कोब्यात गेलेला. समोरच्या बाजूला भरलेलं कपाट. क्लिक लॅमिनेट (जीभ-खाचेने एकमेकांत अडकणाऱ्या फळ्या) एका अखंड पत्र्यासारखं सरकायला हवं. ते दोन्हीकडे जखडलं. 1 मीटरच्या पट्ट्यात नुसती 0.1 मिमी जादा लांबी मावली नाही, तरी मधोमध 7 मिमी उंचवटा येतो. पायथागोरस लावून पाहा.

स्क्रू काढला. सकाळी 6 मिमीचा फुगवटा 1 मिमी झाला होता!

स्टॉपर आता भिंतीवर. जमिनीवरच हवा असेल तर 6 मिमी स्क्रूसाठी फळीत 26 मिमीचं भोक पाडा. स्टॉपरचं बूड फळीवर आवळलं तर पुन्हा तेच, म्हणून फळी 8 मिमी अधिक तिच्याखालचा फोम 2 मिमी धरून भोकात 11 मिमी लांबीची नळी बसवा, म्हणजे भार कोब्यावर जाईल. बूड भोकापेक्षा रुंद निवडा.

फोमवरून आठवलं: 5 मिमीचा मऊ फोम ‘पायाला छान लागतो’ म्हणून गळ्यात मारतात. सांधे लवतात आणि क्लिकची जीभ तुटते. 2 पुरे. आणि फळ्यांच्या खोक्यावरचा एसी4 हा आकडा झिजेचा आहे, पाण्याचा नव्हे.

पॅसेज याच फळ्यांनी अखंड न्यायचा बेत रद्द, दारात टी-पट्टी (दोन जमिनींमधली फट झाकणारी). खरं तर बाथरूम लागूनच आहे, तर पॅसेजला 5 मिमी एसपीसीच (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या फळ्या) का नको? पाण्याने फुगत नाही. उन्हाच्या तापाने मात्र वाढतं, फट तिथेही हवीच. पण 1 मिमी फोम धरून पातळीत 4 मिमी फरक पडेल, मग टी-पट्टीऐवजी उतरती पट्टी लागेल. कपाट रिकामं करून सरकवणं त्याआधी. त्याच्या पायांखालची ओळ कापून कपाट कोब्यावर उभं करायचं आणि भोवती 10 मिमी सोडायचे. शिल्लक फळ्या तीन.