नियम 377 आणि चोपड्याची केळी

खानदेशातील एका लोकसभा सदस्यांचा स्वीय सहायक म्हणून मी गेली काही वर्षे काम करतो. मतदारसंघातले लोक त्यांना दादा म्हणतात, तसेच मीही म्हणतो. तालुक्यातालुक्यांतून येणारी गाऱ्हाणी सभागृहाच्या नियमांत बसतील अशा भाषेत लिहून देणे, हे अधिवेशनाच्या काळातले माझे मुख्य काम. हिवाळी अधिवेशनातले एक प्रकरण मात्र असे होते की, त्याचा मसुदा मला आजही जवळजवळ पाठ आहे.

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची कापणीला आलेली मृगबाग (मृग नक्षत्राच्या सुमारास लावलेली केळीची बाग) जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीच्या वाऱ्याने आडवी झाली होती. केळीचे खोड लाकडाचे नसते. पानांच्या देठांची, पाण्याने भरलेली ती एकावर एक गुंडाळी असते. वर भरलेला घड लटकत असताना ते जोराच्या वाऱ्यापुढे टिकत नाही, आणि एकदा मधोमध मोडले की वर्षभराचे खत, पाणी आणि मजुरी घडासकट मातीत जाते. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात सुमारे 1740 खोडे बसतात. त्यांच्या तीन एकरांत उभी राहिलेली खोडे मला बांधावरून बोटांवर मोजता आली.

त्यांनी विमा वेळेत काढला होता, 72 तासांच्या आत नुकसान कळवले होते आणि पंचनामाही झाला होता. तरी दिवाळीनंतर त्यांना उत्तर मिळाले की दावा बसत नाही, कारण हवामान आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राची नोंद प्रमाण मानली जाते आणि त्या रात्री केंद्रावर वाऱ्याचा वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंत पोहोचला नव्हता. ते केंद्र त्यांच्या वावरापासून 11 किलोमीटरवर होते. थंडीसाठी ही पद्धत मला समजू शकते, कारण सलग तीन दिवस पारा 8 अंशांपर्यंत उतरतो तेव्हा तो बहुधा साऱ्या पट्ट्यातच उतरतो. पण पावसाळ्याच्या तोंडावरचा वारा एक शिवार झोडपून शेजारच्या शिवाराला हातही न लावता निघून जातो, हे तापीकाठच्या कोणत्याही माणसाला सांगावे लागत नाही. थंडी आणि वारा या दोन्हींना एकच माप लावणे हा मुळातला दोष आहे, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

पडलेल्या बागेत उभे राहून त्या शेतकऱ्यांनी अहिराणीत एकच वाक्य सांगितले होते: "दादा, वारा मना वावरमा उना, आनि मशीन शे दुसरा गावमा." म्हणजे, वारा माझ्या वावरात आला आणि यंत्र आहे दुसऱ्या गावात.

हा विषय लोकसभेच्या नियम 377 खाली मांडायचे ठरले. सदस्याला एखादा प्रश्न छोट्या निवेदनातून सभागृहापुढे मांडता येतो, तो हा नियम. या नियमाखालचे निवेदन 250 शब्दांपेक्षा मोठे असून चालत नाही, आणि माझा पहिला मसुदा चारशेच्या पुढे गेला होता. कापता कापता मी "संदर्भ हवामान केंद्रांची संख्या अपुरी असल्याने प्रत्यक्ष नुकसानीची नोंद होत नाही" या वाक्यापर्यंत आलो. दादांनी मसुदा वाचला आणि विचारले, "त्या काकांचं वाक्य कुठं गेलं?" मी म्हणालो की अहिराणी आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांमध्ये नाही, त्यामुळे दुभाष्यांची सोय होणार नाही. "मग मराठीत घाल, पण घाल," असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी माझ्या आवडीची दोन वाक्ये खोडली.

विषय सोडतीत लागला, तो दिवस गदारोळाचा निघाला. कामकाज दोनदा तहकूब झाले आणि दुपारी पीठासीन अधिकाऱ्यांनी नियम 377 खालची सर्व निवेदने सभापटलावर ठेवण्यास सांगितले. अशी निवेदने वाचली असे मानले जाते आणि संबंधित केंद्रीय मंत्रालयाचे उत्तरही येते. त्यामुळे नियमाच्या दृष्टीने काहीच हुकले नव्हते. पण चोपड्याहून फोन आला, "दादा बोलले का?" गावातली दहा-बारा माणसे सकाळपासून मोबाइल समोर ठेवून बसली होती. विषय मांडला आहे पण बोलला गेलेला नाही, हा फरक मला त्यांना समजावता आला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या शून्य प्रहरासाठी, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेसाठी, दादांनी त्याच विषयाची सूचना दिली. आमचा क्रमांक पहिल्या वीसात आला नाही आणि उरलेल्या सदस्यांना दिवसाचे कामकाज संपल्यावर वेळ मिळेल असे कळले. दादा दिवसभर सभागृहात थांबले. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर त्यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा मी नॉर्थ अव्हेन्यूच्या सदनिकेत संसद टीव्हीसमोर हातात मसुद्याची प्रत घेऊन बसलो होतो. त्यांनी प्रतीकडे पाहिलेच नाही. वाऱ्याच्या नुकसानीत यंत्राच्या नोंदीऐवजी शेतातला पंचनामा प्रमाण धरावा, ही मागणी त्यांनी मराठीत केली. मग ते वाक्य जसेच्या तसे अहिराणीत उच्चारले आणि लगेच त्याचा अर्थ स्वतःच हिंदीत सांगितला. बाके बरीच रिकामी होती. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील, पण माझ्या आईच्या बोलीतले शब्द त्या सभागृहात ऐकताना माझे डोळे भरून आले.

मी लगेच त्या शेतकऱ्यांना फोन केला. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत होती, त्यामुळे ते मोटारीपाशी होते आणि त्यांनी काहीच ऐकले नव्हते. मी भाषण सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच विचारले, "मनं बोलनं तठे लिखायनं का?" म्हणजे, माझं बोलणं तिथे लिहिलं गेलं का? कामकाजाच्या वृत्तांताची छापील प्रत मी त्यांना टपालाने पाठवली.

काही आठवड्यांनी केंद्रीय मंत्रालयाचे पत्र आले. संदर्भ केंद्रे अधिसूचित करण्याचे काम राज्य शासनाचे असल्याचे त्यात म्हटले होते, आणि ते बरोबरच होते. दादांनी त्याच दिवशी मुंबईला पाठवायच्या पत्राचा मसुदा मागितला. या पत्राला शब्दांची मर्यादा नव्हती. मी सुरुवात त्या रात्रीच्या वाऱ्यापासून केली आणि सोबत पंचनाम्याची प्रत जोडली.