लोणार : काठावरूनच माघारी फिरू नका

लोणारला जाऊन आलेले निम्मे लोक लोणार बघतच नाहीत. उल्केने पाडलेल्या विवराच्या काठावर उभं राहायचं, खालच्या सरोवराच्या हिरव्या पाण्याचे चार फोटो काढायचे, गावातल्या दैत्यसूदन मंदिरात हात जोडायचे आणि जेवायला मेहकर गाठायचं. मीही दोनदा हेच केलं होतं. या खेपेला डिसेंबरात मोठ्या भावासोबत अकोल्याहून निघालो ते खाली उतरायचंच म्हणून.

पातूर, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर असा आमचा रस्ता. एसटीने येणाऱ्यांनी मेहकरला गाडी बदलावी, रेल्वेने येणाऱ्यांना जालना बरं पडतं. खोली आधी ठरवली नव्हती, त्यामुळे एका लॉजात रात्रभर डास मारत बसलो. एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान विवराजवळच आहे. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी बुकिंग करा.

सकाळी धारेपासून सुरुवात केली. गोमुखातून पडणारं हे गोडं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. तिथून वाट खाली जाते. वाटाड्या गावातलाच. म्हणाला, "पाण्याच्या दोन बाटल्या घ्या न भाऊ, वर येतानी समजन तुमाले." आम्ही एकच घेतली.

उतरताना घाई करू नका, कडेचे खडक बघा. दख्खनचा काळा पाषाण एरवी भाकऱ्यांच्या चवडीसारखा आडवा, थरावर थर असा दिसतो. इथे काठाशी तेच थर बाहेरच्या बाजूला कललेत. उल्का आदळली तेव्हा जमीन उलथली, त्याची ही खूण. विवराचा व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास, खोली साधारण 140 मीटर. हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा खड्डा, हा वाद बरीच वर्षं चालला. मग तळात बोअर घेऊन काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली आणि 1973 मध्ये ते संशोधन छापून आलं. प्रचंड दाबाखाली खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते, आणि ज्वालामुखीत तेवढा दाब तयार होत नाही. वय मात्र तुम्हाला सगळे पन्नास-बावन्न हजार वर्षं सांगतील. आमच्या वाटाड्यानेही तेच सांगितलं. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं आहे.

खाली बाभळी, सीताफळं, माकडं, मोर आणि पाण्याजवळ गेलं की नाकात शिरणारा कुजका वास. काठाशी चिखल आहे, चपला घालून येऊ नका. तिथे वाटाड्याने खिशातून हळदीची पुडी काढली. चिमूटभर माझ्या तळव्यावर टाकली आणि ओंजळीतून सरोवराचं पाणी वर सोडलं. पिवळी हळद बघता बघता लालभडक! पाणी इतकं अल्कधर्मी आहे, की बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. शेजारी कमळजा देवीचं देऊळ. "देवीच्या दारात हळदीचं कुंकूच होते," तो म्हणाला. हा खेळ त्याने किती जणांना दाखवला असेल कुणास ठाऊक, पण मला वरच्या सगळ्या फोटोंपेक्षा तो मोलाचा वाटला.

जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. गुलाबी पाणी बघायला म्हणून येऊ नका, एरवी ते शेवाळामुळे हिरवंच असतं. सासू-सुनेची विहीरही दिसेलच असं नाही. पाणी वाढलं की ती बुडालेली असते. अर्धं पाणी गोडं, अर्धं खारं अशी तिची ख्याती. त्यातली खारी कोण, यावर भावाने वहिनीला फोन लावायचा प्रयत्न केला. सुदैवाने रेंज नव्हती.

चढ अकराच्या उन्हात आला. बाटली कधीच संपली होती. दर वीस पावलांवर थांबत वर आलो आणि वाटाड्याचं 'समजन' पुरतं समजलं. सात-साडेसातला उतरा, दहाच्या आत वर या, माणशी दोन बाटल्या घ्या. गुडघे दुखणाऱ्यांना खाली नेऊ नका, त्यांच्यासाठी दैत्यसूदन मंदिर पुरेसं आहे. बाहेरचं कोरीव काम बघायलाच तास जातो. हे अभयारण्य आहे, तेव्हा प्लास्टिक खाली टाकू नका आणि प्रवेशाच्या वेळा वनखात्याच्या लोकांना विचारूनच निघा.

दुपारी मोठा मारुती आणि अंबर तळं. या आडव्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची म्हणतात आणि जवळ होकायंत्र नेलं की सुई फिरते म्हणून दाखवतात. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतंच, त्यामुळे मला त्याचं फार नवल वाटलं नाही. माझं हे बोलणं तिथल्या आजीबाईंना अजिबात आवडलं नाही.

वेळ असेल तर जालन्याच्या बाजूने परतताना सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघून घ्या. आम्हाला जमलं नाही. भाऊ मागच्या सीटवर पाय वर करून झोपला होता, आणि गाडी चालवताना माझ्या पोटऱ्यांत गोळे येत होते.