तीन भिंतींचं घर

घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा इंटिरियरवाल्या मुलीने पहिल्याच भेटीत एक फॉर्म पुढे केला. ‘तुमची स्टाईल कुठली?’ आणि खाली आठ चौकोन. मॉडर्न, मिनिमल, बोहो, असं काय काय. बायकोने दोन चौकोनांवर खूण केली, मग दोन्ही खोडल्या. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ नेला आणि विचारलं, ‘यात ‘साधं’ कुठंय?’ आईने फॉर्म हातातच घेतला नाही. चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, ‘टिपऱ्यांचं घर होतं ना, तसं करा. घरासारखं घर.’

मुलीने वहीत लिहून घेतलं. ‘काकू, टिपरे याच सोसायटीत राहतात का? त्यांच्याकडचे फोटो मिळाले तर बरं होईल.’

तिचा काही दोष नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका अल्फा मराठीवर २००१ साली सुरू झाली तेव्हा ती पाळण्यात असेल, नाहीतर फार तर शिशुवर्गात. पण आईचंही चुकलं नव्हतं. आपण दुसऱ्यांची घरं अशी बघतो तरी किती? नातेवाइकांकडे गेलं की हॉल आणि हात धुवायला बेसिन, एवढीच आपली धाव. टिपऱ्यांकडे मात्र आम्ही चौघं दर आठवड्याला जाऊन बसत होतो. दिलीप प्रभावळकरांचे आबा कुठे बसतात, श्यामलाताई स्वयंपाकघरातून कुठल्या दाराने येतात, हे आईला स्वतःच्या नणंदेच्या घरापेक्षा जास्त पाठ. आणि एक गंमत तिलाही ठाऊक नसावी. त्या घरातले कर्ते शेखरराव, म्हणजे राजन भिसे, हे रंगभूमीवरचे नामवंत नेपथ्यकार. दुसऱ्यांची घरं उभी करणारा माणूस पडद्यावर मात्र चारचौघांसारखा घरात वावरायचा.

त्या रात्री मी उगाचच अशी घरं आठवत बसलो. विनोदी मालिकांमधली. आपल्याकडची, हिंदीतली, आणि केबल आल्यावर रात्री अकरानंतर आवाज बारीक करून पाहिलेली अमेरिकेतली. ही सगळी घरं एकाच बाबतीत सारखी: त्यांना तीनच भिंती. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पडदा वर गेला की दिवाणखाना, मधोमध सोफा, मागे वर जाणारा जिना, डावीकडे बाहेरचं दार, उजवीकडे आत जायचं, हे नेपथ्य आपण शिवाजी मंदिरात कितीदा पाहिलंय. अमेरिकेत ‘आय लव्ह ल्यूसी’ १९५१ साली सुरू झालं ते समोर खरोखरचे प्रेक्षक बसवून, तीन कॅमेऱ्यांनी. म्हणजे ते नाटकच, फक्त चित्रित केलेलं. चौथ्या भिंतीच्या जागी प्रेक्षक असले की सोफा कुणाकडे तोंड करून ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही. ‘गोल्डन गर्ल्स’मध्ये घरात चार बायका आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाला खुर्च्या तीन. चौथी ठेवली तर कुणाची तरी पाठ कॅमेऱ्याकडे होणार, म्हणून नाही ठेवली. जिला खुर्ची नाही ती उभी राहते, नाहीतर ओट्याला टेकते. आमच्याकडे चार माणसं आणि खुर्च्या तीन हे गणित कित्येक वर्षं होतं. कॅमेरा नव्हता एवढंच.

ल्यूसीच्या घराची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. चित्रण काळ्या-पांढऱ्या फितीवर, त्यामुळे छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी सेटच करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांमध्ये रंगवून घेतला होता. तांत्रिक नाइलाज. इंटिरियरवाल्या मुलीने आम्हाला रंगांचा जो पंखा दाखवला त्यातही अकरा करडे होते. आता तो नाइलाज नाही, आता ती अभिरुची आहे. पंखा बंद करून आई म्हणाली, ‘यातला एकही रंग उन्हात वाळत घातलेल्या जुन्या पंच्याहून वेगळा नाही.’

रंगीत टीव्ही आल्यावर मात्र या घरांनी कसर भरून काढली. ‘ब्रेडी बंच’ हे १९६९ ते १९७४ मधलं सहा मुलांचं घर. वडील पेशाने आर्किटेक्ट, त्यामुळे घर त्या काळाच्या मानाने अगदी पुढचं: अधांतरी पायऱ्यांचा जिना, दगडी भिंत, आणि स्वयंपाकघर असं केशरी की बघून तोंडात टँगची चव यावी. जोडीला पिकल्या ॲव्होकाडोचा हिरवा. त्या दशकात तिकडच्या घराघरांत हेच रंग होते म्हणतात. माणसं त्यात कशी जेवत असतील देव जाणे. सहा मुलांच्या त्या बाथरूममध्ये कमोड मात्र कधीच दिसला नाही. फॅशन दाखवायची, गरज नाही.

पुढचा किस्सा तर अस्सल घरमालकाचा आहे. ब्रेडींचं घर म्हणून बाहेरून दाखवायचे ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागातलं एक खरं घर, आणि आतला सेट वेगळाच, स्टुडिओत. दोघांचा मेळ कुठेच नाही. बाहेरच्या घरात तो जिना मावलाच नसता. २०१८ साली घरदुरुस्तीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या एचजीटीव्ही वाहिनीने ते घर ३५ लाख डॉलरला विकत घेतलं, मागच्या बाजूने वाढवलं आणि आत तो सत्तरीतला सेट हुबेहूब बांधून काढला. केशरी ओट्यासकट. म्हणजे खऱ्या घराने खोट्या घराची नक्कल केली. २०२३ मध्ये ते विकलं ३२ लाख डॉलरला. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग आपण कशाला काम काढतोय?’

आमच्या घराचंही एक दशक होतंच, आहेच. १९९२ चा फ्लॅट. मोझॅक टाइल्स, हॉलच्या एका भिंतीला सनमायका मारलेलं वॉल युनिट, त्यात मधोमध टीव्हीचा खण. त्याला आधी शटर होतं. टीव्ही बंद असला की शटरही बंद, देव झोपवल्यासारखं. वरच्या काचेच्या कप्प्यात पेटीत बसवलेला संगमरवरी ताजमहाल, कुणीतरी दिलेली जपानी बाहुली आणि माझी वक्तृत्व स्पर्धेची ढाल. २००५ च्या सुमारास सगळ्या सोसायटीला एक भिंत वेगळ्या रंगाची करायची हुक्की आली, तेव्हा आमचीही एक भिंत विटकरी झाली. त्यानंतर पीओपी. आता नव्या आराखड्यात वॉल युनिट जाणार, आणि ती मुलगी जे नवीन म्हणून आणतेय ते काय? मोझॅकसारखं दिसणारं टेराझो आणि वेताची जाळी. आईने माळ्यावरून वेताची जुनी परडी काढून तिच्यापुढे ठेवली. ‘ही चालेल?’

हिंदी मालिकांत ही दशकं आपल्या जास्त ओळखीची. १९९५ च्या ‘हम पाँच’मध्ये अशोक सराफांच्या घरात पाच मुली, दुसरी बायको, आणि पहिली बायको भिंतीवरच्या फोटोत. प्रिया तेंडुलकर त्या चौकटीतून बोलायच्या, टोमणे मारायच्या. त्या घरातला सोफा कसा होता, पडदे कुठल्या रंगाचे होते, मला काही आठवत नाही. फोटो आठवतो. कारण तो आमच्याकडेही होता, आजोबांचा, चंदनाच्या हारातला, टीव्हीच्या बरोबर वर. मालिका चालू असताना नजर थोडी वर गेली की वाटायचं, हेही आता काहीतरी बोलतील.

पण सजावटीवरूनच भांडण पेटवायचं धाडस केलं ते २००४ च्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ने. मुंबईतल्या श्रीमंत कफ परेडमधले समोरासमोरचे दोन फ्लॅट. एकात माया, म्हणजे रत्ना पाठक शाह, सगळं जिथल्या तिथे. समोर सून मोनिशा, जिचं मूळचं ‘मनीषा’ हे नावसुद्धा सासूबाईंनी मध्यमवर्गीय वाटतं म्हणून बदललेलं. मोनिशाच्या घरात पसारा आणि एकावर एक फुकट मिळालेल्या वस्तू. आम्ही सगळे खो-खो हसायचो, आणि हसून झालं की आई हळूच बरणीत जमवलेली प्लॅस्टिकची झाकणं आत नेऊन ठेवायची. तो उदारीकरणानंतर वाढलेल्या सगळ्या घरांचाच प्रश्न होता. पैसे आले, आता घर कसं दिसायला हवं? मायाच्या तोंडून ‘मिडल क्लास’ हा शब्द निघाला की तो कफ परेडहून थेट आमच्या ठाण्यात येऊन पडायचा.

‘फ्रेंड्स’च्या घरावर माझा स्वतःचा जीव होता, कबूल करतो. १९९४ सालची ती जांभळी भिंत. सेट करणारे जॉन शॅफ्नर यांनी मुद्दाम असा रंग निवडला की चॅनल बदलता बदलता क्षणभर दिसलं तरी ओळखू यावं. दारावरची पिवळी चौकट मुळात आरशाची. आरसा फुटला आणि चौकट तशीच ठेवली. एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, जुन्या बाजारातून आणल्यासारखं सगळं. एका स्वयंपाकिणीला न्यूयॉर्कमध्ये एवढा फ्लॅट परवडतो कसा, यावर तिकडे बराच काथ्याकूट झालाय. उत्तर मालिकेतच आहे: जागा आजीच्या नावावर, भाडं नियंत्रित. आपल्याकडे ‘पागडीची जागा’ म्हटलं की संपलं असतं. २००० सालच्या एका भागात रेचेल एका मोठ्या साखळी दुकानातून टेबल आणते आणि ते जुन्या बाजारातलं आहे अशी थाप मारते, कारण तिची मैत्रीण फीबी हिला कारखान्यातला माल चालत नाही. शेवटी फीबीच त्या दुकानाच्या काचेतला दिवा बघून पाघळते. घराला ‘जुनेपणा’ विकत आणायची वेळ आली होती, आणि मालिकेला ते कळलं होतं.

मी बायकोला म्हटलं, एक भिंत जांभळी करूया. ती म्हणाली, ‘कर, आणि तिकडेच राहायला जा.’

या सगळ्यात मला खरं वेड लावलं ते खुर्च्यांनी. ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकन मालिकेतल्या आर्ची बंकर या कुटुंबप्रमुखाची खुर्ची जुन्या सामानाच्या दुकानातून किरकोळ किमतीत आणलेली होती. १९७८ साली ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. मालिका मात्र संपली नाही. मग तशीच झिजलेली नवी खुर्ची बनवून घ्यावी लागली, मूळ किमतीच्या कित्येक पट खर्च करून. आणि ‘फ्रेजर’! १९९३ चं सिॲटलमधलं उंची घर, फॅशन डिझायनर कोको शनेलच्या सोफ्याची हुबेहूब प्रतिकृती, ईम्स या नामवंत डिझायनर जोडप्याची खुर्ची. त्यात पहिल्याच भागात वडील राहायला येतात ते आपली चिकटपट्ट्या लावलेली, पट्ट्यापट्ट्यांची आरामखुर्ची घेऊन. ती हॉलच्या मधोमध बसते आणि अकरा वर्षं जवळजवळ हलत नाही. मध्ये एकदा मुलगा महागडी नवीन आणतो, तेव्हा जुनी हरवते आणि शेवटी कुठे सापडते, तर शाळेच्या नाटकात.

आमच्याकडे बाबांची खुर्ची. लोखंडी पाइपची, घडीची, हिरव्या-पांढऱ्या नायलॉन पट्ट्यांची. तीन पट्ट्या तुटल्या, तिथे कपडे वाळत घालायची निळी दोरी विणलेली. उजव्या हाताकडचा रंग पार उडून लोखंड उघडं पडलंय आणि तिथे पाइपला स्टीलच्या कपाची एक गोल खूण आहे. तीस वर्षं बाबा संध्याकाळी त्याच खुर्चीत. नव्या आराखड्याचं थ्रीडी चित्र आलं तेव्हा त्यात करडी भिंत होती, वेताची जाळी होती, कुंडीत एक न ओळखू येणारं झाड होतं, खुर्ची नव्हती. मी फोन करून त्या मुलीला चांगलं अर्धा तास समजावलं. आर्ची, फ्रेजर, स्मिथसोनियन, सगळं. ती सज्जन. दुसऱ्या दिवशी सुधारित चित्र आलं: हॉलच्या कोपऱ्यात एक राखाडी ठोकळा आणि त्यावर बाण काढून लिहिलेलं, ‘एक्झिस्टिंग चेअर’.

मी मोठ्या कौतुकाने बाबांना दाखवलं.

‘ही कशाला ठेवतोय?’ बाबा म्हणाले.

‘तुमची खुर्ची आहे, बाबा.’

‘माझी कसली? तुझ्या आत्याने दिली होती वास्तुशांतीला. कमरेत टोचते ती. पहिल्या दिवसापासून.’

‘मग तीस वर्षं बसलात कशाला?’

‘अरे, दिवाणावर तुझी आजी. सोफ्यावर बसलं तर टीव्हीवर ट्यूबलाइट चमकायची. दुसरी जागा होती कुठे?’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘त्या मुलीला विचार, ती बटण दाबलं की पाय वर येतात ती खुर्ची केवढ्याला पडेल.’

सोफा, दिवाण, खुर्ची, सगळं टीव्हीच्या हिशेबाने मांडलेलं. म्हणजे वॉल युनिटची ती भिंत आमची चौथी. टिपऱ्यांना जर समोर काही दिसत असेल तर ते हेच: अर्ध्या चंद्रात बसलेली चार माणसं, त्यातला एकजण जरा वाकडा.

नवी खुर्ची आली. बाबा तिच्यात पाय वर करून घोरतात. जुनी मी भंगारवाल्याला देऊ दिली नाही, माझ्या टेबलाशी आणून ठेवलीय. हे तिच्यातच बसून लिहितोय. उजवीकडे, निळी दोरी सुरू होते तिथे, टोचते.